घर क्रमांकासह सैन्य

उमरडोहच्या ग्रामपंचायतीचा लिपिक अंकुश झाडे याने आयुष्यात बर्फ पाहिला तो दोनच ठिकाणी. एक, गावातल्या किराणा दुकानाच्या फ्रीजरमध्ये, कुल्फ्यांच्या बाजूला. दुसरा, स्वतःच्या कादंबरीत. कादंबरीतला जास्त होता. तिथे डोंगरच्या डोंगर पांढरे होते, नद्या थिजल्या होत्या आणि राजाच्या मिशांना बर्फाचे खडे लटकत होते. हे सगळं त्याने लिहिलं मे महिन्यात, कुलरसमोर बनियनवर बसून, जेव्हा समुद्रपूर तालुक्यात भर दुपारी कुत्रंसुद्धा रस्ता ओलांडायचं की नाही याचा विचार करतं.

"काऊन जी, इतका बर्फ कायले?" समीक्षा, त्याची बायको, अंगणवाडीची रजिस्टरं भरता भरता विचारायची.

"बर्फाशिवाय वातावरण येत नाई."

"वातावरण! कुलरमधलं पाणी उकळून राह्यलं, अन् तुमचा राजा बर्फावरून घसरून राह्यला. कुलरचा पंप पाह्या आधी. आवाज करून राह्यला."

पंप बघायला अंकुश उठायचा, पण डोक्यात धूम्रदंष्ट्र घेऊनच. धूम्रदंष्ट्र म्हणजे त्याचा राक्षस. पंख असलेला, आग ओकणारा, सात राज्यं जाळून आठव्याकडे निघालेला. कादंबरीचं नाव 'धूम्रदंष्ट्राचा कोप'. पानं सहाशे बेचाळीस. वर्षं नऊ. आधी ती बाद झालेल्या आवक-जावक रजिस्टरांच्या कोऱ्या पानांवर लिहिली गेली, मग घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर अंकुशनेच दोन बोटांनी टाईप केली. अठरा वर्षं ग्रामपंचायतीत पत्रं लिहिल्यामुळे राक्षसाच्याही अंगाला ऑफिसचा वास लागला होता. 'सदरहू राक्षसाने उपरोक्त राजवाड्यावर आग ओकली असून, त्यात एकूण चार मनोरे जळून खाक झाले आहेत,' अशी त्याची वाक्यं. अंकुशला ती फार आवडायची. कशी बराबर, मोजकी.

तीन प्रकाशकांकडून कादंबरी परत आली होती. समीक्षाने केळझरच्या गणपतीला सांगून ठेवलं होतं, एक तर छापून येऊ दे, नाहीतर सुटू दे. दोन्हीपैकी काहीही चालेल.

आणि एका मंगळवारी, अंकुश घरकुलाचे अर्ज लावत असताना, पुण्याहून फोन आला.

"अंकुश झाडे सर का? मी अभिराम बोलतोय, प्रकाशनातून. तुमचं हस्तलिखित वाचलं."

अंकुश उभा राहिला. 'वाचलं' हा शब्द आजवर त्याला कोणी म्हटला नव्हता. घरातही नाही.

"पूर्ण?"

"पूर्ण. एक विचारायचं होतं. पान दोनशे बारा ते दोनशे सत्तर, सैन्याची यादी आहे."

"होय सर."

"त्यात प्रत्येक सैनिकाचं नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, वय आणि घर क्रमांक आहे."

"होय सर."

"सैनिकाला घर क्रमांक कशाला?"

"गजानन पिसुड्डे दोन आहेत सर. एक सत्त्याऐंशी नंबरचा, एक एकशे चार. वाचकाचा गोंधळ व्हायले नको."

"इतकी नावं सुचली कशी तुम्हाला?"

अंकुश खोटं बोलणारा माणूस नव्हता. "मतदार यादी आहे सर. आमच्या गावची. अद्ययावत."

"म्हणजे ही खरी माणसं आहेत?"

"अकराशे सव्वीस. त्यात एक मयत."

अभिरामने मोठा श्वास घेतला तो समुद्रपूर तालुक्यापर्यंत ऐकू आला. "सर, ही कादंबरी मला आवडली का, हे माझं मलाच कळत नाहीये. पण तीन दिवस मी दुसरं काही वाचलेलं नाही. पुढच्या वर्षीच्या पुस्तकांची यादी आमची तीस तारखेला बंद होते. तोवर एक तर नावं बदला, नाहीतर ज्यांची नावं आहेत त्यांची हरकत नाही असं लेखी पाठवा. त्यानंतर माझ्या हातात काही नाही."

अंकुशने नावं बदलून पाहिली. नाही असं नाही. वज्रसेन, चंद्रसेन, वीरसेन, धैर्यसेन… सात सेन झाले आणि आठव्याला गाडी अडली. बरं, वज्रसेन हातात भाला घेऊन उभा, पण तो चालतो कसा? अंकुशला काही दिसेना. गजानन पिसुड्डे कसा चालतो ते त्याला पाठ होतं, डावा पाय जरा ओढत, चप्पल वाजवत. चप्पल वाजवत लढाईला जाणारा सैनिक त्याला दिसत होता. वज्रसेनला पायच नव्हते. त्याने सातही सेन खोडले.

मग उरली हरकत. आता अकराशे सव्वीस लोकांच्या दारोदार फिरून सह्या आणायच्या म्हटलं तर दिवाळी उजाडली असती. पण अंकुशला एक वाट ठाऊक होती, जी ग्रामपंचायतीच्या लिपिकालाच ठाऊक असते. बारा तारखेला सकाळी त्याने ग्रामपंचायतीच्या फलकावर एक सूचना लावली.

'जाहीर सूचना. मौजा उमरडोह येथील सर्व मतदारांना कळविण्यात येते की, अंकुश झाडे लिखित "धूम्रदंष्ट्राचा कोप" या कादंबरीत आपणांस सैनिक म्हणून घेण्यात आलेले आहे. सैनिकांची यादी, नेमणुकीचे ठिकाण व मृत्यूचा तपशील कार्यालयीन वेळेत पाहावयास मिळेल. कोणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांच्या आत लेखी सादर करावी. मुदतीत हरकत न आल्यास संमती आहे असे गृहीत धरण्यात येईल.'

खाली सही. सहीवर ग्रामपंचायतीचा गोल शिक्का. वर जावक क्रमांक.

त्याचा हिशोब साधा होता. अठरा वर्षांत त्या फलकावरचा कागद कोणी वाचलेला त्याने पाहिला नव्हता. पंधरा दिवस जातील, कागद उन्हानं पिवळा पडेल, आणि अख्ख्या गावाची संमती पुण्याला रवाना होईल.

दोन दिवस तसंच झालं. एक बकरी आली, तिनं खालचा कोपरा खाल्ला. बस्स.

तिसऱ्या दिवशी श्रावण आला. श्रावण अंकुशचा शाळेतला सोबती, आणि आता तीन नंबर वॉर्डाचा, म्हणजे विरोधी पार्टीचा, सदस्य. त्याला रहिवासी दाखल्यावर सही हवी होती, सरपंच यायच्या होत्या, आणि त्याचा मोबाईल चार्जिंगला लावलेला होता. तेवढ्यानं घात केला. माणसाला करायला काहीच नसलं की तो सूचना वाचतो.

"अबे अंकुश! हे 'मृत्यूचा तपशील' म्हणजे काय बे?"

"काई नाई. कादंबरी आहे."

"मी आहो का तिच्यात?"

"आहेस ना. भालाइत."

श्रावण खूश झाला. अंकुशने कादंबरीची टाईप केलेली प्रत उघडून दाखवली. श्रावणने बोट ठेवून वाचलं, मग पान उलटलं, मग पुन्हा मागे आला. "तीनशे पाच पानावर हे काय आहे? 'वॉर्ड क्रमांक तीनमधील सर्व सैनिक सदरहू आगीत जागीच मृत्युमुखी पडले.' सर्व?"

"तीनशे चौऱ्याहत्तर."

"अन् दोन नंबरचे किती मेले?"

अंकुश पेनाचं टोपण घालू लागला.

"बोल ना बे."

"एक जखमी आहे."

"सरपंचबाई कोणत्या वॉर्डाच्या?"

"दोन."

"वा रे बेट्या!" श्रावण टेबलावर हात आपटून म्हणाला. "अन् तू सोता?"

"मीबी दोनच. पण श्रावण, राजकारण नाई आहे यात. तुमचा वॉर्ड नाल्याच्या अंगाले आहे ना. राक्षस उत्तर दरवाजातून, नाल्याकडूनच येते. मी काय करू?"

"म्हणजे पूर आला तरी आम्हीच, अन् राक्षस आला तरी आम्हीच?"

श्रावणने तिथेच कागद मागितला आणि हरकत क्रमांक एक लिहिली. अंकुशने सवयीने तिला आवक क्रमांक दिला, शिक्का मारला आणि पोच हातात ठेवली.

त्यानंतर ग्रामपंचायतीत रांग लागली. कधी नव्हे ते बाया आल्या, म्हातारे आले, कॉलेजची पोरं आली. सैनिकांची यादी बघायला खिडकीशी रेटारेटी झाली. कोणाला शेजाऱ्याला घोडा दिल्याचा राग. 'त्याच्या घरी सायकल नाई, त्याले घोडा, अन् मी पायी?' एकीची तक्रार होती की तिला जावेच्या तंबूत टाकलं आहे. "घरी काय कमी आहे का भाऊ, तं तिकडं बर्फातबी तिचंच तोंड पाहू?" गजानन पिसुड्डे, सत्त्याऐंशी नंबरचा, चप्पल वाजवत आला आणि म्हणाला की एकशे चार नंबरवाल्या गजाननाला राजाने मिठी मारली ती खरं म्हणजे आपली होती. वर्ध्याला नालवाडीत प्लॉट घेऊन राहायला गेलेल्या एका मास्तरांनी तर टपालाने हरकत पाठवली. त्यांचं नाव गावच्या यादीतून निघालं होतं, म्हणून सैन्यातूनही निघालं होतं. 'नालवाडीत राहतो म्हणून या गावासाठी मरण्याचा माझा हक्क जात नाही,' असं त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं होतं.

मुदत संपली तेव्हा एकसष्ट हरकती होत्या. तीस तारखेला तीन दिवस उरले होते.

सरपंच सुलोचनाताईंनी फाईल मागवली. चष्मा लावून आधी सूचना वाचली, मग अंकुशकडे पाहिलं.

"अंकुशभाऊ, कादंबरी तुमची ना?"

"होय ताई."

"मंग शिक्का पंचायतीचा काऊन मारला?"

"हात गेला ताई. अठरा वर्षांची सवय आहे."

"हात गेला! आता ही कादंबरी पंचायतीची झाली ना जी. हरकती पंचायतीनं घेतल्या, पोच पंचायतीनं देल्ली. आता सुनावणीबी पंचायतीलेच घ्या लागन." त्यांनी चष्मा काढला. "उद्या दहा वाजता. समाजभवनात. माईक लावजा. अन् मले एक सांगा, मी काय आहो तिच्यात?"

"सेनापती, ताई."

"हं," सुलोचनाताई म्हणाल्या. "वयबी छापलं का?"

"छापलं."

"ते काढा."

अठ्ठावीसला समाजभवन खचाखच भरलं. ग्रामसभेला कोरम भरत नाही म्हणून ज्या गावात सभा तहकूब व्हायच्या, त्या गावात लोक खिडक्यांतून बसले होते. समीक्षा बायांच्या बाजूला, पदराआड हसू दाबत. अंकुश टेबलामागे, पुढ्यात सहाशे बेचाळीस पानं, आणि तोंड असं की खटला त्याच्यावरच चालणार आहे.

श्रावण माईकवर होता. "आमची मागणी सीधी आहे. मेले तं तीनही वॉर्ड बराबर मेले पाहिजे. नाई तं कोणीच नाई!" तीन नंबरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. दोन नंबरवाला एक जण उठून ओरडला, "आम्ही लढलो म्हणून वाचलो! तुम्ही पळत होते, तीनशे चार पान पाह्य!" मग दोन्ही बाजूंनी पानांचे नंबर फेकले जाऊ लागले. अंकुश तोंड उघडं ठेवून ऐकत राहिला. त्याची कादंबरी ही माणसं पान नंबरासकट वाचून आली होती.

या गोंगाटात पुढच्या रांगेतून आनंदाबाई उठली. आनंदाबाई सत्तरीची, तीन नंबर वॉर्डाची, काठी टेकत चालणारी. तिचे यजमान वासुदेवराव तीन वर्षांपूर्वी गेले होते. यादीतला एक मयत म्हणतात तो हाच. नाव कमी करायचा अर्ज अंकुशने तिच्याकडे चार वेळा नेला होता. चारही वेळा तिनं चहा पाजला आणि कागद परत दिला. 'यादीत आहे तं राहू दे बाबू. इलेक्शनच्या दिवशी नाव वाचते कोणी तरी,' एवढंच तिचं म्हणणं.

"माही हरकत लिहून नाई आणली," ती म्हणाली. "मले लिहिता येत नाई लय. तोंडी चालते का?"

"चालते, बोला," सुलोचनाताई म्हणाल्या.

"आमचे हे कुठं आहे तुह्या पुस्तकात, अंकुश?"

"काकी, उत्तर दरवाजावर. पहारेकरी." अंकुशने पान काढलं. वासुदेवराव बत्तीस वर्षं हिंगणघाटकडच्या एका कापसाच्या जिनिंगच्या गेटवर चौकीदार होते, म्हणून त्याने विचार करूनच त्यांना तिथे उभं केलं होतं.

"मंग काय होते त्याईचं?"

अंकुशने वाचलं. "'सदरहू पहारेकरी यांनी प्रतिकार केला असता, राक्षसाने एका फुंकरीत त्यांना…'" पुढचं त्याच्याने वाचवेना.

"एकदा मेले ना ते," आनंदाबाई म्हणाली. "माह्या समोर मेले. एका माणसाले किती वेळा मारतं बाप्पा तू?"

अंकुशला वाटलं, ऐकावं आणि खाली बसावं. पण तीस तारीख परवावर आली होती, आणि नऊ वर्षांची कादंबरी त्या दरवाजावर उभी होती. तो हात जोडून म्हणाला, "काकी, माह्यं ऐका. ते मेल्याशिवाय राक्षस आत कसा येईन? तो आत नाई आला तं लढाई नाई. लढाई नाई तं कादंबरीच नाई."

आनंदाबाईने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं शिकलेल्या माणसानं काही तरी अगदीच बावळट बोलल्यावर पाहावं.

"कायले येते तो आत? पास आहे का त्याच्यापाशी?"

"पास?"

"आमचे हे गेटवर असले का बिना पासाचं कोणी आत जात नव्हतं. मालकाचा जावई आलता मुंबईहून, मोठी गाडी घेऊन. दोन घंटे बसवला. मालक सोता आला, रजिस्टरात सही केली, तवा सोडला. अन् तुहा राक्षस काय जावयाहून मोठा आहे?"

पहिलं कोण हसलं ते कळलं नाही. बहुतेक समीक्षा. मग भवनच हसलं. हसला नाही फक्त अंकुश. तो पेन शोधत होता. त्याला दरवाजा दिसला होता, दरवाजातला माणूस दिसला होता, आणि पहिल्यांदाच त्याला राक्षसही दिसला होता. पंख आवरून उभा, पत्ता चुकल्यासारखा.

"काकी," तो म्हणाला, "अजून सांगा ना."

दोन दिवसांची किरकोळ रजा टाकून अंकुशने नवं लिहिलं. आनंदाबाई त्याच्या ओसरीत बसून होती आणि प्रत्येक पानावर तिची सुनावणी होती. अंकुश वाचायचा, "'सदरहू पहारेकरी म्हणाले…'" की ती थांबवायची, "हा सदरहू कोण आहे? आमचे हे असे बोलतच नव्हते." सदरहू गेला. उपरोक्तही गेला. उरलं ते असं:

"मी धूम्रदंष्ट्र! सात राज्ये जाळली मी!"

"असन. पास?"

"माझ्या एका फुंकरीने…"

"फुंकाचं असन तं तिकडं तोंड करून फुंकजो. इकडं कापूस आहे."

बर्फाळ राज्यात कापूस कुठून आला हे अंकुशला समीक्षाने विचारलं नाही. ती भिंतीला टेकून वाचत होती आणि हसता हसता तिला ठसका लागला होता. नऊ वर्षांत पहिल्यांदा ती त्याचं पान मागून घेत होती. मग आनंदाबाईला आठवलं की माणसाला उभं ठेवणं वासुदेवरावांना पसंत नव्हतं, ते बसायला स्टूल देत, पाणी देत. तेव्हा धूम्रदंष्ट्राला स्टूल मिळालं. त्याने नाव लिहिलं, गाव लिहिलं, 'कोणास भेटावयाचे आहे' या रकान्यापाशी अडला, आणि तिथेच बसून राहिला. सत्तेचाळीस पानं.

लढाई झालीच नाही. साहजिकच तीन नंबर वॉर्ड जिवंत राहिला. श्रावणने हरकत मागे घेतली आणि पेढे वाटले. दोन नंबरवाले रागावून सुलोचनाताईंकडे गेले, की मग आमच्या शौर्याचं काय? "बसा खाली," सुलोचनाताई म्हणाल्या. "शौर्य दाखवाचं असन तं पाणीपट्टी भरा." सेनापतीचा हुकूम होता, बसले बिचारे. नालवाडीच्या मास्तरांना अतिथी सैनिक म्हणून घेतलं. जावेचा तंबू वेगळा केला. एकसष्ट लेखी आणि एक तोंडी, सगळ्या हरकती निकाली निघाल्या. ना-हरकतीच्या कागदावर शेवटची सही आनंदाबाईची. तिनं ती एकेक अक्षर लावत केली, आणि खाली, कोणी सांगितलं नसताना, वासुदेवरावांचंही नाव घातलं.

तीस तारखेला दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी सगळं पुण्याला गेलं. जावक क्रमांकासह.

आठव्या दिवशी फोन आला. अंकुश ग्रामपंचायतीतच होता. बाहेर ओट्यावर आनंदाबाई सावलीला बसली होती. हल्ली ती रोजच यायची, पुढं काय लिहिलं ते विचारायला.

"सर," अभिराम म्हणाला, "लढाई कुठे गेली?"

"झाली नाई सर."

"खरं सांगू? ती साठ पानं मी आधीही चाळूनच पुढे गेलो होतो. हे गेटवरचं मात्र काल आम्ही ऑफिसात मोठ्याने वाचलं. दोनदा. यादीत घेतोय. सुरुवातीला तीनशे प्रती काढू. जास्त नाही."

नऊ वर्षं या क्षणासाठी अंकुशने एक छोटं भाषण तयार ठेवलं होतं. ते सगळं उडून गेलं आणि तोंडातून निघालं, "पोच दिली सर."

"काय?"

"म्हणजे… मिळालं सर. आलं ध्यानात."

"बरं. फक्त एक राहिलंय. शेवटच्या पानावर तो अजून स्टुलावर बसलेलाच आहे. मिळतो का त्याला पास?"

अंकुशने फोनवर हात ठेवला आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "काकी, पुण्याहून विचारून राह्यले. राक्षसाले पास द्याचा का?"

आनंदाबाईने काठी टेकून मान वर केली.

"कोणाले भेटाचं ते लिहिलं का त्यानं?"

"नाई अजून."

"मंग बसू दे."